केल्डबी नावाचा एकच माणूस

रविवार, ११ जानेवारी १९२०

वर्तमानपत्रात दिलेल्या माझ्या चार ओळींना आजवर बावीस पत्रं आली. केल्डबी हे नाव आपल्या ओढ्याच्या दोन काठांखेरीज जगात आणखी कुठे आहे, एवढंच मी या नावावर काढायच्या पुस्तिकेसाठी विचारलं होतं. लीड्समध्ये त्या नावाची एक गल्ली आहे, तिथे चामडं कमावतात. टास्मानियात चार घरांचं एक स्टेशन आहे. तिथला स्टेशनमास्तर विचारतो, मूळच्या केल्डबीत पाऊस पडतो का? एक आखूड शिंगांची मेंढी, एक हिवाळाभर टिकणारं आंबट सफरचंद आणि गवताची गंजी कापायचा दुपाती सुरा, या तिघांनाही केल्डबी म्हणतात. सुरुंग काढणारी एक बोट होती, ती सतरा साली चौदा जणांना घेऊन बुडाली. किनाऱ्याकडची एक बाई लिहिते, ‘आमच्याकडे दोघे भाऊ बांधावरून हातघाईवर आले की आई ओरडते, घरात केल्डबी नको.’

हे बायकोला, हेस्टरला वाचून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, “छाप. पुस्तिकेत पहिलं तेच छाप.”

आडनाव केल्डबी असल्याचं नऊ जणांनी कळवलं. आपल्या चर्चच्या तीनशे वर्षांच्या नोंदवहीत मात्र ते एकदाही नाही. गावाचं नाव लागतं ते गाव सोडून गेलेल्याला. इथेच राहणाऱ्याला कोण केल्डबीकर म्हणणार?

पुस्तिकेत आपल्या दोन गावांबद्दल काय लिहावं हे अजून सुचत नाही. खरं तेवढं लिहायचं तर असं लिहावं लागेल: ओढ्याच्या दोन्ही काठांवर केल्डबी आहे. दरवर्षी धिरड्यांच्या मंगळवारी, म्हणजे ईस्टरआधीचे उपवास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, दोन्हीकडचे पुरुष पाण्यात उतरून एका चेंडूसाठी एकमेकांची हाडं मोडतात. जो काठ जिंकेल तो गावाच्या नावाची ओक लाकडाची जुनी पाटी घेऊन जातो आणि वर्षभर नुसता ‘केल्डबी’ म्हणवतो. हरलेल्याला ‘वरचं’ किंवा ‘खालचं’ लावून घ्यावं लागतं. चौदा साली वरचे जिंकले. मग युद्ध आलं, खेळ बंद पडला, आणि पाटी सहा वर्षं वरच राहिली. हेस्टर खालची. तिचा धाकटा भाऊ टॉम फ्रान्समध्ये मारला गेला, तेव्हा ते कळवणाऱ्या सैन्याच्या पत्रावर ‘खालचं केल्डबी’ असं होतं. सासूबाईंनी ते पत्र चुलीत घातलं.

रविवार, २५ जानेवारी

पाद्रीबाबांनी आज मंचावरून जाहीर केलं की युद्धात गेलेल्यांच्या स्मारकाचे दगड दोन होणार नाहीत, एकच होईल. त्यावर दोन्ही काठांची एकतीस नावं असतील आणि डोक्यावर नुसतं ‘केल्डबी’. यंदा जिंकेल त्या गावात तो उभा राहील.

त्यांना वाटलं असेल, भांडण मिटेल. प्रार्थना संपायच्या आत मागच्या बाकांवर सुरू झालं. जॉसने, म्हणजे हेस्टरच्या थोरल्या, लोहार भावाने, वरच्या सुताराचं डोकं बाकाच्या कडेवर आपटलं. दोन दात फरशीवर पडले. खानावळवाला सेथ उडाल जॉसच्या पाठीवर बसून त्याचा गळा आवळत होता. मी मध्ये गेलो तर कुणाचं तरी कोपर माझ्या डोळ्यात बसलं.

जॉस बाहेर येऊन थुंकला. “टॉमचं नाव त्या टेकाडावर? आई ऐंशीची झाली. तिला काय पाठुंगळीला घेऊन जाऊ बघायला?”

“घे की,” सेथ म्हणाला. “लोहाराचं गाढव नाहीतरी रिकामंच असतं.”

पुन्हा जुंपली.

रविवार, १ फेब्रुवारी

हल बंदरावर हमाली करणारा रूबेन केल्डबी नावाचा माणूस तिसऱ्यांदा पत्र पाठवतो. त्याच्या आजोबांनी हे नाव बरोबर नेलं, गाव मात्र घरातल्या कुणीच पाहिलेलं नाही. तो मंगळवारच्या खेळाला येणार आहे. त्याला सहा पानी उत्तर लिहिलं: मेंढी, सफरचंद, बोट, पाटी, सगळं.

रविवार, ८ फेब्रुवारी

दोन्ही गावांनी मिळून मला काठीवाला नेमलं. शाळा पुलाशी आहे, दोन्हीकडची मुलं माझ्याकडे येतात, म्हणून माझ्यावर भरवसा. मला मान वाटला, आणि मान वाटल्याची लाजही वाटली.

नियम जुन्या कागदावरून उतरवून घेतले. काठीवाल्याने पुलावर उभं राहायचं. पडलेल्याने पंजा उघडून हात वर केला की न मोजता काठी उचलायची. पडलेला दिसेनासा झाला तर पाचापर्यंत मोजायचं आणि उचलायची. मध्येच दिसला तर मोजणी पहिल्यापासून. काठी वर गेली की जो जिथे असेल तिथे हात सोडायचे, आणि चेंडू परत मधल्या दगडावर. म्हणजे कुणी जिंकायला दहा पावलं उरली असतील आणि काठी वर गेली, तर सगळं वाया. म्हणून काठीवाल्याला आजवर दोनदा पुलावरून ढकलून दिलेलं आहे.

पाण्यात काय झालं हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, हाही नियमच. तो कागदावर नाही.

हेस्टर लोकर विंचरत बसली होती. वर न बघता म्हणाली, “या वर्षी खाली येऊ दे, लॅम्बर्ट.”

“मी फक्त काठी धरतो.”

“मला माहीत आहे तू काय धरतोस. मी आपली म्हणते.”

रविवार, १५ फेब्रुवारी

रूबेन आला. तिशीतला, दारातून आडवा आत येईल एवढा रुंद. अंगात बहिणीने विणलेला गडद निळा लोकरी सदरा. टोपी काढून म्हणाला, “मास्तर, मीच तो केल्डबी.” मग स्वतःच हसला. “स्टेशनच्या पाटीला हात लावून आलो. लोक बघत होते.”

स्टेशन दोन्ही गावांपासून दोन मैलांवर आहे आणि कुणाचंच नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

दोन तास बोललो. त्याला सफरचंद खायचं होतं. तळघरातलं शेवटचं दिलं. तोंड वेडंवाकडं करत त्याने बियांसकट खाल्लं. तो सेथच्या खानावळीत उतरला आहे, म्हणजे वरच्यांकडून खेळणार. सेथला तो शकुन वाटतो: साक्षात केल्डबी आपल्या बाजूला!

पुलावर जॉस भेटला. त्याने रूबेनला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “वरच्यांना नाव टिकवायला माणूस भाड्याने आणावा लागला वाटतं.”

“भाडं नाही, दादा,” रूबेन म्हणाला. “फुकट आलोय.”

“मग फुकटच मरशील.”

रूबेन मनमोकळं हसला. बंदरावर असंच बोलत असतील.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

क्रमाने लिहितो. काही झालं तरी क्रम सोडणार नाही.

बाराला पुलावरून चेंडू टाकला. दोनशेवर माणसं पाण्यात. पहिल्या तासात खेळ होता. दुसऱ्या तासापासून तो खेळ राहिला नाही. चौदा सालचे गडी खांद्याने ढकलायचे. हे चार वर्षं खंदकांत राहून आलेत, यांना गुडघा कुठे घालायचा आणि बोट कुठे खुपसायचं ते ठाऊक आहे. सेथचा कान अर्धा फाटून लोंबत होता आणि तो तसाच लढत होता. कुणाच्या तरी गळ्याजवळचं हाड मोडलं, तो आवाज मला पुलावर ऐकू आला, वाळकी फांदी मोडावी तसा. ढिगातून वाफ निघत होती. चार वेळा काठी उचलली, चारही वेळा माणसं सुटी झाली, एकमेकांकडे बघत, तोंडातलं रक्त थुंकत उभी राहिली, आणि पुन्हा भिडली. काठीचा एवढा वचक पाहून मला थोडा गर्व झाला, हेही लिहून ठेवतो.

साडेचारला चेंडू जॉसकडे आला. तो खालच्या काठाशी होता, लोहारखान्याच्या दारापासून चाळीस पावलांवर. तेच खालच्यांचं ठाणं. चेंडू त्याने काठाकडच्या बगलेत दाबला होता. दुसऱ्या बाजूने रूबेनने त्याची कंबर धरली. दोघे कोसळले, वर आणखी सात-आठ जण. जॉस गुडघ्यावर उठला. रूबेन दिसेना. जॉसचा गुडघा पाण्यात कशावर तरी टेकलेला होता.

मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. निळ्या बाहीचा हात पाण्याबाहेर आला, पाचही बोटं पसरलेली. चेंडूकडे झेपावत होता. हात दिसला म्हणजे माणूस दिसला, म्हणून नियमाप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून. एक, दोन, तीन, चार. पुन्हा तो हात. पुन्हा एक. एवढ्या वेळात जॉसने तीनदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. जिंकत आल्याचा माज, असं वाटलं. मग वरच्यांची फळी फुटली. जॉस उठला, धावला, चेंडू दारावर आपटला. तेव्हाच माझे पाच झाले आणि मी काठी उचलली.

रूबेन पालथा तरंगत पुलाखाली आला. सेथने आणि मी ओढून काढला. छाती आत गेली होती. तोंडातून पाणी आलं, मग गुलाबी फेस, मग काही नाही.

खालच्यांनी पाटी वाजतगाजत नेली. त्यांना कळलं नव्हतं. कळल्यावरही थांबले नाहीत.

हेस्टरने धिरडी केली होती. कुणी खाल्ली नाहीत.

बुधवार, १८ फेब्रुवारी

चर्चमध्ये उपवासाच्या पहिल्या दिवसाची राख कपाळावर लावून घेताना एकदम आठवलं. त्याला मी बोट सांगितली, मेंढी सांगितली, टास्मानियाचा स्टेशनमास्तर सांगितला. पंजा उघडून हात वर करायचा, हे सांगितलंच नाही. सहा पानांत नाही, दोन तासांत नाही. इथे ते रांगणाऱ्या पोरालाही माहीत असतं, म्हणून कुणाला सांगायचं असतं हेच सुचलं नाही. एक ओळ लिहिली असती तर माणूस जगला असता.

हेस्टरने विचारलं, “तू कितीपर्यंत मोजत होतास?”

“पाच.”

“मला तो वेळ फार वाटला.”

थंडीत वेळ लांबतो, मी म्हणालो.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

चौकशी शाळेतच झाली. कॉरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, माझ्या खुर्चीत बसले. परवा एकमेकांचे गळे धरणारे आज एका सुरात बोलत होते: पाणी गार होतं, दगड निसरडे होते, गडी दमला होता. जॉसची साक्ष तीन वाक्यांत संपली.

मी मात्र लपवलं नाही. उभा राहून म्हणालो, मयताला थांबवण्याची खूण माहीत नव्हती, ती सांगणं माझं काम होतं, चूक माझी आहे. कॉरोनर म्हणाले, आपली सचोटी आपल्याला शोभते, पण एवढं मनाला लावून घेऊ नये. निकाल: अपघाती मृत्यू.

बाहेर सेथ भेटला, कानाला फडकं बांधलेला. “मास्तर, खूण तुम्ही त्याला सांगितली नव्हती म्हणता?”

“नव्हती.”

त्याने कानावरचं फडकं नीट केलं. “बरं. तुम्हाला तसं म्हणायचं असेल तर तसं.”

चांगला माणूस आहे. माझं दुःख वाढवायचं नव्हतं त्याला.

शनिवार, २१ फेब्रुवारी

रूबेनची बहीण अ‍ॅडा बाळंतीण आहे, ती आली नाही. बरंच झालं. चर्चच्या दाराशी वरचे म्हणाले, आमच्याकडून खेळला, आम्ही खांदा देणार. खालचे म्हणाले, पाटी आता आमच्याकडे, केल्डबी नावाचं जे काही आहे ते आमचं. पेटीला आठ हात इकडून, आठ तिकडून. मग एका हाताने पेटी धरून दुसऱ्याने ठोसे. पेटी पडली, एक फळी उचकटली, आत निळी लोकर दिसली. पाद्रीबाबांचा चष्मा कुणीतरी बुटाखाली चिरडला. शेवटी कबर खणणारा फावडं घेऊन धावला तेव्हा मोकळी जागा झाली.

पाद्रीबाबांना दिसत नव्हतं, म्हणून नोंद मी लिहिली. तीनशे वर्षांत पहिल्यांदा त्या वहीत आडनावाच्या रकान्यात केल्डबी.

सोमवार, १ मार्च

अ‍ॅडाचं पत्र आलं. सोबत रूबेनने सोमवारी संध्याकाळी तिला टाकलेलं कार्ड. ते इथे उतरवून घेतो, कारण कार्ड तिला परत पाठवायचं आहे.

‘अ‍ॅडे, केल्डबीचं सफरचंद खाल्लं, तुझ्या सासूपेक्षा आंबट आहे. उद्याची काळजी करू नकोस. खानावळवाल्याने माझ्याकडून तीनदा करून घेतलं: पडलास तर पंजा उघडून हात वर कर, पुलावरचे मास्तर काठी उचलतात आणि सगळे जागच्या जागी थांबतात. हे मास्तर म्हणजे मला पत्रं लिहिणारेच. तेव्हा मी आपल्याच माणसाच्या नजरेखाली आहे.’

अ‍ॅडा लिहिते: ‘त्याने हात वर केला होता का, एवढंच कळवा. घाबरून विसरला असेल असं माझा नवरा म्हणतो. रूबेन सांगितलेलं विसरत नसे.’

सतरा तारखेचं पान काढून चार वेळा वाचलं. चेंडू जॉसच्या काठाकडच्या बगलेत होता. हात दुसऱ्या बाजूला आला होता. हे दोन्ही मीच लिहिलंय, तीन ओळींच्या अंतराने. त्या बाजूला झेपावण्यासारखं काहीच नव्हतं.

आणि समजा, त्याला खूण माहीत नसती. मला तर होती.

मंगळवार, २ मार्च

लोहारखान्यात गेलो. दारावर पाटी. जॉस भात्याशी होता.

“तुझा गुडघा त्याच्यावर होता,” मी म्हणालो.

“होता.” त्याने घण खाली ठेवला नाही. “छातीवर. खाली हलत होता ते कळत होतं मला. मास्तर, मी काठीकडे बघत होतो. एकदा बघितलं, नाही. दोनदा बघितलं, नाही. म्हटलं, मास्तर बघतायत, ते चुकायचे नाहीत. काठी गेली असती तर मी त्या क्षणी गुडघा काढला असता. चेंडू गेला असता तरी काढला असता. टॉमची शपथ.”

“तुझं तुला कळत नव्हतं का?”

“पाण्यात कुणाला काय कळतं? म्हणून तर पुलावर माणूस ठेवतात.” मग घण निखाऱ्यात फेकून तो माझ्या अंगावर आला, गळपट्टी धरून मला भिंतीवर आपटलं. “का नाही उचललीत? आं? का नाही उचललीत?”

तो रडत होता. उत्तर मला माहीत होतं. चाळीस पावलं उरली होती. काठी वर गेली असती तर चेंडू मधल्या दगडावर गेला असता, आणि टॉमचं नाव टेकाडावर.

घरी येऊन हेस्टरला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मी म्हटलं होतं ना, खाली येऊ दे.”

“तू फक्त म्हणालीस.”

“हो. फक्त म्हणाले.” तिने खिडकी लावून घेतली. समोरच्या मोकळ्या जागेत दगडासाठी चर खणून झाला आहे.

गुरुवार, ४ मार्च

अ‍ॅडाला लिहिलं: ‘हो. दोनदा. मी पाहिला, आणि काठी उचलली नाही.’ याला जोडून पानभर कारणं लिहिली होती, ती फाडली. पत्र टाकून तसाच गाडीने शहरात गेलो (हे परतीच्या गाडीत लिहितोय) आणि कॉरोनरांपुढे जबानी बदलली. जॉसचा गुडघा सांगितला, त्याचं तीनदा बघणंही सांगितलं. त्यांनी विचारलं, दरवर्षी असंच होतं का? मी म्हणालो, दरवर्षी काठी उचलली जाते. ते म्हणाले, चौकशी पुन्हा उघडेल, खेळ बंद होईल, आपण तुरुंगात जाऊ शकता. मी म्हणालो, लिहून घ्या.

शनिवार, ६ मार्च

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर शाळेतल्या पहिल्या दिवसासारखं.

परवा परतताना स्टेशनच्या रस्त्यावर, मेंढ्यांच्या कोंडवाड्यापाशी नऊ जण उभे होते; कॉरोनरांच्या कचेरीची तार माझ्याआधी गावात पोचली होती. चार वरचे, पाच खालचे. सेथ होता, जॉस नव्हता. दोन्ही काठांची माणसं खांद्याला खांदा लावून उभी मी पहिल्यांदा पाहिली.

“पाण्यातलं पाण्यात ठेवायचं असतं, मास्तर,” सेथ म्हणाला, जवळजवळ मायेने. मग सुताराने कुंपणाचा खुंट हाणला.

उजवं मनगट पहिल्याच फटक्यात गेलं. मी पडल्यावर बूट सुरू झाले. दोन बरगड्या. तोंडात माती आणि दाताचा तुकडा. “खेळ घालवला!” कुणी ओरडत होतं. “दगड घालवला!” दुसरं कुणी. एकाचा गुडघा माझ्या छातीवर आला आणि श्वास आत जाईना. ते वजन किती असतं हे आता मला माहीत आहे. डोक्यात काही नव्हतं. ना रूबेन, ना पश्चात्ताप. डावा हात आपोआप वर गेला, पंजा उघडून, पाच बोटं पसरून.

गुडघा निघाला. बूट थांबले. नऊच्या नऊ जण एक पाऊल मागे सरून उभे राहिले, धापा टाकत, माझ्या हाताकडे बघत. पूल नव्हता, काठी नव्हती. कुणी एकसुद्धा आकडा मोजला नव्हता.